चौदा फ्लॅट, तीन लाखांचं बजेट : छोट्या बिल्डर-एजंटांचे प्रश्न

या वेळी पत्रं आली आहेत ती घरं विकणाऱ्यांची. एकच इमारत किंवा एकच प्लॉटिंग, ऑफिसात दोन-तीन माणसं आणि जाहिरातीला मोजके पैसे, अशी बहुतेकांची परिस्थिती आहे. पत्रं थोडक्यात देत आहोत, उत्तरं मात्र प्रश्नाला जेवढी लागली तेवढी.

प्रश्न : कराडला लागून मलकापुरात आमची 14 फ्लॅटची इमारत आहे. प्लास्टर चालू आहे. पाच फ्लॅट गेले, नऊ शिल्लक आहेत. महामार्गावर दोन होर्डिंग चार महिने लावली. फोन आले, पण साईटवर फारसं कुणी फिरकलं नाही. पुढच्या सहा महिन्यांसाठी 3 लाख रुपये आहेत. कुठे घालावेत?
– बांधकाम व्यावसायिक, मलकापूर

उत्तर : तुम्हाला नऊ कुटुंबं हवी आहेत. महामार्गावरून दिवसाला हजारो गाड्या जात असतील, पण त्यांतल्या बऱ्याचशा कोल्हापूर, बेळगाव किंवा पुण्याला निघालेल्या असतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 55 फूट पुढे सरकते. पाच सेकंद नजर पडली असं धरलं तरी वाचायला पावणेतीनशे फूट मिळतात. अक्षरांचा ढोबळ हिशेब असा, की दर 10 फूट अंतराला 1 इंच उंचीचं अक्षर सहज वाचता येतं. फ्लेक्सवर इमारतीचं चित्र, सोळा सुविधा, तीन मोबाईल नंबर आणि सगळ्या भागीदारांची नावं असतील, तर त्यातलं काहीच डोक्यात राहत नाही.

सुरुवात आधी घर घेतलेल्या पाच जणांपासून करा. ते कुठे नोकरी करतात, आधी कुठे राहत होते, तुमचं नाव पहिल्यांदा कुणाकडून ऐकलं, दुसरी कुठली साईट पाहिली होती आणि ती का नाकारली, हे प्रत्येकाच्या घरी बसून विचारा. कराड-मलकापुरात साधारण तीन तऱ्हेची गिऱ्हाइकं दिसतात. पहिली, इथल्या हॉस्पिटल-कॉलेजांतले नोकरदार. दुसरी, मुलांच्या शाळेसाठी शहरात येऊ पाहणारी पाटण, ढेबेवाडी, उंब्रज भागातली घरं. तिसरी, मुंबई-नवी मुंबईत माथाडी किंवा इतर कामात आयुष्य घालवून आता गावाजवळ परतू पाहणारी माणसं. पहिल्यांना कामावरून घरी किती मिनिटांत पोचू हे कळायला हवं. दुसऱ्यांना शाळेची बस कुठे थांबते ते हवं असतं. तिसऱ्यांना लिफ्ट, दवाखाना आणि तळमजल्यावरचा फ्लॅट. एकच जाहिरात तिघांना चालत नाही.

आता पैसे. 40 हजार साईटचा फलक आणि मुख्य रस्त्यापासून साईटपर्यंतचे दिशादर्शक फलक यांना ठेवा. शेवटच्या वळणावर रस्ता न सापडल्यामुळे परत गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा फोन करत नाही. फलकांना नगरपरिषदेची परवानगी घ्या, तिचा क्रमांक आणि मुदत फलकावरच छापा आणि विजेच्या खांबाला काहीही बांधू नका. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा 1995 चा कायदा इथे लागू होतो. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जण गेले. 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना ते 120 बाय 120 फुटांचं होतं. लोखंडी सांगाडा उभारणार असाल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय त्यावर फ्लेक्स चढवू नका.

15 हजारांत कागदपत्रांचे संच आणि दरपत्रकं होतात, आणि आमच्या मते सगळ्यांत जास्त काम हाच खर्च करतो. छोट्या गावात पहिला प्रश्न असतो, “लोन होतं का?” मोठ्या प्रकल्पाला बँका आधीच मंजुरी देऊन ठेवतात. 14 फ्लॅटच्या इमारतीला ती प्रत्येक वेळी मिळेल असं नाही, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाची फाईल नव्याने फिरते आणि एखादा कागद कमी पडला की दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्यात त्याचा विचार बदलतो. म्हणून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या मालकीचा वकिलाने केलेला शोध), सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, विकसन करारनामा, कुलमुखत्यारपत्र आणि महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणीचं प्रमाणपत्र यांचा एकेक संच आधीच तयार ठेवा. तो दोन-तीन बँकांच्या गृहकर्ज विभागात स्वतः नेऊन दाखवा, त्रुटी विचारा आणि दुरुस्त करा. मग जाहिरातीत “या बँकांमधून या इमारतीतल्या फ्लॅटला कर्ज मंजूर झालं आहे” हे वाक्य खरेपणाने लिहिता येतं.

25 हजार फोटो आणि व्हिडिओंना. संगणकावर काढलेली चित्रं कमी करा. चालू कामाचे, तारीख टाकलेले फोटो दर पंधरा दिवसांनी हवेत. ज्या फ्लॅटमधून कोयनेकडचे डोंगर दिसतात त्याच्या खिडकीतून काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ पुरे होतो. फेसबुक-इन्स्टाग्रामला महिना 10 हजार धरा. त्यात 18 टक्के जीएसटी धरला तर प्रत्यक्ष जाहिरातीला साडेआठ हजारांच्या आतच उरतात. नकाशावर साईटची पिन टाकून आसपासचे काही किलोमीटर निवडा. नवी मुंबईतल्या कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागासाठी वेगळी जाहिरात करा, तिचा मजकूरही वेगळा. चौकशीचा फॉर्म असा निवडा, की पाठवण्याआधी माणसाला आपली माहिती पुन्हा पाहून होकार द्यावा लागेल. त्यात “बजेट किती” आणि “ताबा कधी हवा” असे दोन प्रश्न घाला. नावं निम्म्यावर येतील, पण बोट चुकून लागलेले फोन कमी होतील.

हँडबिलांचे चार हप्ते करून 40 हजार. पेपरात टाकायची हँडबिलं पहाटे विक्रेत्यांच्या वाटप केंद्रावर द्यावी लागतात, तीही वेगवेगळ्या लाईनप्रमाणे (पेपर टाकणाऱ्यांच्या वाटपाच्या वाटा) मोजून. सगळ्या गावात एकाच दिवशी टाकलीत तर कुठल्या भागातून फोन आले ते कळत नाही. एका आठवड्याला एक भाग घ्या. 30 हजारांत हॉस्पिटल, शाळा-कॉलेजं आणि कर्मचारी पतसंस्थांशी रीतसर परवानगीने संपर्क करा. 40 हजार रविवारच्या साईट भेटींना : सावली, पाणी, चहा, स्वच्छतागृह आणि जिन्याला तात्पुरता कठडा. वयस्कर माणूस उघड्या जिन्यावरून वर जात नाही, आणि घरातला निर्णय बहुतेकदा त्याच्याच हाती असतो.

राहिलेले 50 हजार तिसऱ्या महिन्यापर्यंत हातच लावू नका. तोवर एक वही भरा : तारीख, नाव, कुठून कळलं, कुठल्या फ्लॅटची चौकशी, साईटवर आले का, नाही आले तर का. प्रत्येक मार्गाला वेगळा मोबाईल नंबर दिला तर “कुठून कळलं” याचं उत्तर आपोआप मिळतं. खर्च फोनच्या संख्येने भागू नका, साईटवर आलेल्या कुटुंबांच्या संख्येने भागा. समजा हँडबिलांच्या 10 हजारांत पाच कुटुंबं आली आणि फेसबुकच्या 10 हजारांत दोनच, तर एका भेटीचा खर्च 2 हजार आणि 5 हजार. उरलेले 50 हजार कुठे टाकायचे ते वहीच सांगेल. आणि फोन वाजला की तासाभरात उलट फोन गेला पाहिजे. संध्याकाळी साईटवरून परतल्यावर केलेल्या फोनला समोरचा तोवर दुसऱ्या बिल्डरशी बोललेला असतो.

प्रश्न : चिपळूणजवळ एका मालकाचे 22 बिगरशेती प्लॉट विकायला घेतोय. गिऱ्हाईक मुख्यतः मुंबईचे चाकरमानी. गणपतीत हँडबिलं वाटायची आहेत. महारेरा नोंदणीचा अर्ज गेला आहे, नंबर अजून आलेला नाही. तोपर्यंत “लवकरच येत आहे” एवढं व्हॉट्सअॅपवर टाकलं तर चालेल का?
– एजंट, चिपळूण

उत्तर : नाही. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या प्लॉटिंगला नोंदणी लागते, आणि रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे नोंदणीआधी जाहिरात, विक्री, बुकिंग किंवा खरेदीचं आमंत्रण यांतलं काहीच करता येत नाही. स्टेटसही जाहिरातच आहे. “इच्छुकांनी नाव नोंदवावं” ही पळवाट नाही. नोंदणी न करणाऱ्या विकसकाला प्रकल्पखर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एजंटला दिवसाला 10 हजार रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. तुमची स्वतःची एजंट नोंदणी आणि प्रशिक्षण-परीक्षेनंतर मिळणारं सक्षमता प्रमाणपत्रही तयार हवं.

गणपतीच्या आधी नंबर आला नाही तर यंदाचे गणपती सोडा, शिमग्याला किंवा मे महिन्यात जा. हे कठीण वाटेल, पण 22 प्लॉटांचा धंदा एका हँडबिलापायी धोक्यात घालण्यासारखा नाही.

नंबर आल्यावर हँडबिलावर तो, महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि क्यूआर कोड हवा. 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे आणि नसेल तर 50 हजारांपर्यंत दंड होतो. नंबर बारीक अक्षरांत तळाला ढकलू नका. तुमच्या संपर्काच्या मजकुराएवढ्या तरी आकारात, वर उजव्या बाजूला घ्या. छपाईला देण्याआधी प्रत्यक्ष आकाराची एक प्रत काढून तीन वेगवेगळ्या मोबाईलवर कोड स्कॅन करून बघा. पिवळ्या-केशरी पार्श्वभूमीवर छापलेला किंवा फ्लेक्सच्या सुरकुतीत गेलेला कोड उघडत नाही. पांढऱ्या चौकोनात काळा कोड आणि भोवती मोकळी जागा, एवढं केलं की काम होतं.

आता मजकूर. 22 जुलै 2021 चा वाशिष्ठीचा पूर चिपळूण विसरलेलं नाही, आणि मुंबईचा चाकरमानी तर ते व्हिडिओ पाहूनच येतो. तो विचारणारच आहे, तेव्हा तुम्ही आधी सांगा. प्लॉट निळ्या आणि लाल पूररेषेच्या (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणाऱ्या सरकारी नकाशावरच्या रेषा) कुठल्या बाजूला आहे, 2021 ला पाणी तिथे आलं होतं का आणि आलं असेल तर किती फूट. ज्या प्लॉटिंगमध्ये पाणी आलं नव्हतं त्याला याहून चांगली ओळ सापडणार नाही. आलं असेल तर भराव आणि जोत्याची उंची सांगा आणि दर त्याप्रमाणे ठेवा.

याखेरीज हँडबिलावर गट क्रमांक, बिगरशेती आदेशाचा क्रमांक आणि तारीख, प्लॉटचं क्षेत्र चौरस मीटर आणि गुंठ्यात (1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट), रस्त्याची रुंदी आणि तो रस्ता कागदावर आहे की नाही हे द्या. रस्त्याचा मुद्दा कोकणात फार अडतो. जागेवर पायवाट दिसते, पण सातबाऱ्यावर किंवा मंजूर नकाशात तिचा पत्ता नसतो, आणि मग शेजारचा गडगा (दगडी कुंपण) घालून वाट अडवतो. पाण्याचंही तसंच. मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं याचं उत्तर मे महिन्यातल्या फोटोनेच द्या. “मुंबई-गोवा महामार्गापासून 5 मिनिटं” लिहिण्याऐवजी किलोमीटर लिहा.

टोकन घेताना लक्षात ठेवा : नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम विकसकाला घेता येत नाही. सुट्टी संपवून परत निघालेला माणूस “सगळे पैसे आत्ताच घ्या” म्हणतो. त्याला करारनाम्याची तारीख द्या.

प्रश्न : लातूरला आमचं दोन माणसांचं ऑफिस आहे. गुगलवरची आमची नोंद दोनदा बंद झाली. नवीन केली तर व्हिडिओ मागतात. काय चुकतंय?
– फ्लॅट विक्री व भाडे व्यवसाय, लातूर

उत्तर : बहुधा नाव. पाटीवर जे नाव आहे तेच आणि तेवढंच गुगलवर हवं. त्याला “लातूरमधील सर्वोत्तम फ्लॅट, प्लॉट, रो-हाऊस” जोडलं की नोंद बंद होण्याचा धोका वाढतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे विकायच्या प्रत्येक इमारतीची किंवा रिकाम्या फ्लॅटची वेगळी नोंद करणं. विकाऊ मालमत्तेची नोंद गुगलला चालत नाही. साईटवर माणूस बसलेलं, पाटी लावलेलं विक्री कार्यालय असेल तर त्याची करता येते. तिसरी नोंद उघडण्याऐवजी बंद पडलेली दुरुस्त करून पुन्हा तपासणीला पाठवा.

व्हिडिओ एका दमात, न कापता काढा : रस्ता आणि शेजारची ओळखीची दुकानं, मग तुमची पाटी, मग स्वतः कुलूप उघडताना, आत टेबल, प्रमाणपत्र, बिलबुक. चेहरे दाखवायची गरज नाही. पाटीवर मराठी नाव देवनागरीत, इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असणं राज्यात बंधनकारकच आहे.

लातुरात एक फायदा आहे तो वापरा. नांदेड, धाराशिव, बीडकडून मुलांच्या क्लाससाठी येणारे पालक गावात पाऊल ठेवण्याआधी मोबाईलवर शोधतात. त्यांची गर्दी निकालांच्या सुमारास सुरू होते. एप्रिलपर्यंत तुमच्या नोंदीवर खऱ्या फ्लॅटचे फोटो, भाडं, डिपॉझिट, क्लासच्या भागापासूनचं चालत अंतर आणि टँकर लागतो का याचं उत्तर असलं पाहिजे. अभिप्राय मागायचा तो चावी हातात देताना. बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, ते गुगलच्या नियमांत बसत नाही. वाईट अभिप्राय आला तर दोन वाक्यांत, काय दुरुस्त केलं तेवढं लिहा.

प्रश्न : पुण्यात धायरीला आमचं काम चालू आहे. जाहिरातीत “60 लाख” लिहिलं तर लोक येतात, पण सगळा खर्च ऐकून उठून जातात. सुरुवातीलाच सगळं सांगितलं तर येतच नाहीत. काय करावं?
– विकसक, पुणे

उत्तर : सगळं सांगा. जो उठून जातो तो तुमचा रविवार घेऊन जातो आणि बाहेर चार जणांना “लपवतात” म्हणून सांगतो. 60 लाखांच्या, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचा हिशेब असा : जीएसटी 5 टक्के म्हणजे 3 लाख, पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार, नोंदणी फी 30 हजार. एकूण साडेसदुसष्ट लाख. खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक 6 टक्के, म्हणजे 60 हजार वाचतात. ही ओळ जाहिरातीत ठळक घ्या, अनेक घरांना ती माहीत नसते. टीडीएसचा (खरेदीदाराने कापून सरकारकडे भरायचा आयकर) 1 टक्का वेगळा खर्च नाही, तो तुम्हाला द्यायच्या रकमेतूनच कापला जातो, हेही लिहून द्या, कारण त्यावर हमखास गैरसमज होतो. देखभालीची रक्कम आणि सोसायटी स्थापनेचा खर्च वेगळ्या ओळींत दाखवा. उघड्या पार्किंगचे पैसे लावता येत नाहीत.

तुमच्याकडे लहान फ्लॅटही असतील तर एक काळजी घ्या. पुण्यात 90 चौरस मीटरपर्यंत कार्पेट (फ्लॅटच्या आतलं वापरायचं क्षेत्र) आणि 45 लाखांपर्यंत किंमत असेल तर जीएसटी 1 टक्का. पण 45 लाखांत पार्किंग, पसंतीच्या मजल्याचे पैसे वगैरे आकारही धरले जातात. 44 लाखांचा फ्लॅट अधिक 2 लाखांचं पार्किंग झालं, की 5 टक्के. “फक्त 1 टक्का जीएसटी” असं छापून नंतर 5 मागितले, तर चुकीच्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिले म्हणून ग्राहक रेराच्या बाराव्या कलमाखाली व्याजासह परतावा मागू शकतो.

क्षेत्र फक्त कार्पेटमध्ये द्या. त्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत, ते वेगळं दाखवा. चौरस मीटरला 10.764 ने गुणलं की चौरस फूट. सुपर बिल्टअपचा (जिना, लिफ्ट अशा सामाईक जागांचा वाटा धरलेल्या क्षेत्राचा) आकडा छापला, तर शेजारच्या साईटपेक्षा तुमचा दर स्वस्त दिसतो आणि टेप लावल्यावर विश्वास जातो.

प्रश्न : डोंबिवलीत रिसेल आणि भाड्याचं काम करतो. 20 हजार मोबाईल नंबरांची यादी विकत मिळतेय. घ्यावी का?
– एजंट, डोंबिवली

उत्तर : घेऊ नका. त्या लोकांनी तुम्हाला संमती दिलेली नाही. प्रचाराचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून, रीतसर नोंदणी करूनच करायचे असतात. साध्या दहा आकडी मोबाईलवरून केलेत आणि तक्रारी 1909 या नको असलेल्या फोनच्या तक्रार क्रमांकावर गेल्या, तर तुमचाच नंबर बंद होतो. दुकानाच्या पाटीवर तोच नंबर असेल, तर नुकसान केवढं हे सांगायला नको.

व्हॉट्सअॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात आणि संदेश फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे. म्हणून फ्लॅट दाखवायला नेलेल्या प्रत्येकाकडून तिथेच नंबर सेव्ह करून घ्या. यादी भागाप्रमाणे करा : पूर्व, पश्चिम, एमआयडीसी, ठाकुर्ली. एमआयडीसीत घर शोधणाऱ्याला पश्चिमेची दहा घरं पाठवलीत की तो तुमचे संदेश म्यूट करून टाकतो. आठवड्याला दोनच संदेश, प्रत्येकात एकच घर : भाडं, मजला, लिफ्ट, पाणी येण्याची वेळ, स्टेशनपर्यंत चालत किती आणि रिक्षाने किती.

तुमचा खरा साठा म्हणजे जुने भाडेकरार. प्रत्येक कराराची संपण्याची तारीख एका तक्त्यात घाला आणि 60 दिवस आधी मालक आणि भाडेकरू दोघांनाही फोन करा. नूतनीकरण, नवं घर, किंवा “आता विकतच घेतो”, यांपैकी काहीतरी त्या फोनवर निघतंच.

प्रश्न : घर घेतलेल्याने दुसरं गिऱ्हाईक आणलं तर त्याला 25 हजार रोख द्यायची योजना छापावी का?
– विकसक, सांगली

उत्तर : छापू नका. मोबदला घेऊन खरेदीदार आणि विक्रेत्याची गाठ घालून देणाऱ्याला रेरा कायदा एजंटच्या व्याख्येत धरतो आणि त्याला नोंदणी लागते. चहावाला, वॉचमन, जुना ग्राहक, सगळे त्यात येऊ शकतात. जुन्या ग्राहकांच्या गळक्या नळाची, लिफ्टची, सोसायटीच्या कन्व्हेयन्सची (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करण्याची) कामं वेळेत करा. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला त्यांच्याच घरी, त्यांना विचारून, पाठवा. 2019 च्या पुरानंतर सांगलीत घर बघणारा माणूस बिल्डरपेक्षा तिथे राहणाऱ्यालाच आधी विचारतो, की पार्किंगमध्ये पाणी किती आलं होतं.